भरदिवसा बोललेला पिंगळा

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की त्या फोटोत सगळे हसताहेत आणि आजीच तेवढी आंबट तोंड करून का उभी आहे. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येत होतं. नीट बघाल तर ऊन आमच्या पाठीमागे आहे. म्हणून खरं काय झालं ते लिहून पाठवते. तुम्हाला वाचायला जड जाईल, तर आईकडून वाचून घ्या, आणि तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

यंदा माळव्यात पाऊस जायचं नाव घेईना. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी तो येतच राहिला. देवासच्या बाहेर पडलं की जिथे एरवी गव्हासाठी नांगरलेली काळी शेतं दिसायची, तिथे नुसतं पाणी. मधूनच बांधाची एखादी रेघ, पाण्यात उभ्या बाभळी, आणि विजेचे खांब. लोकांचं नुकसान झालं हे खरंच. पण थंडीच्या सुरुवातीला उत्तरेकडून जे पक्षी येतात त्यांना एवढं उथळ पाणी कुठे मिळणार? ते थव्याथव्यांनी उतरले. आणि तुम्ही मला वाढदिवसाला दुर्बीण पाठवल्यापासून मी आमच्या इथल्या रविवारच्या पक्षीवाल्या मंडळींत जायला लागलेच होते.

मंडळी म्हणजे काही डॉक्टर, दोन-तीन शिक्षिका, एक निवृत्त इंजिनिअर आणि आमचे पुढारी. ते बँकेत नोकरी करतात, पण सगळे त्यांना सर म्हणतात. मराठी असं त्यात मी एकटीच. मला तिथे बरं वाटायचं. वेळेवर निघायचं, ठरल्या वाटेनं जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. मला शिस्त आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे; तुमच्या बाबांना तर जरा जास्तच ठाऊक आहे.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. तुम्ही तिला पाहिलंय. मागच्या गल्लीत राहायची. लहानपणी तुम्ही सुट्टीत आलात की फडक्यांच्या बाहुल्या करून द्यायची ती. तिच्या सासरचे लोक दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले शिंपी, आमचे त्याच दरबाराबरोबर आलेले कारकून. दरबार गेला. कारकुनांची मुलं मास्तर झाली, शिंप्यांच्या मुलांनी तयार कपड्यांची दुकानं काढली. लग्न होऊन आम्ही दोघी थोड्या अंतरानं देवासला आलो आणि म्हाताऱ्याही इथेच झालो. ती मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणून. मी तिला नावानं हाक मारायची. त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही.

दिवाळी आटोपली आणि ती गेली. झोपेतच गेली. मी दारात जाऊन आले, रडलेही. मग एक दिवस तिचा मुलगा आला. तो मला मावशी म्हणतो.

"मावशी, रविवारी दहावा आहे. तुम्ही घाटावर याल का? आता बायकाही येतात. आईला बरं वाटेल."

दहावा काय ते तुम्हाला सांगायला हवं. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचे पिंड करून ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला, म्हणजे गेलेल्याचं मन शांत आहे. शिवला नाही, तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. मग घरचे हात जोडून मोठ्यानं सांगतात, अमुक करू, तमुक सांभाळू, काळजी करू नकोस. बरोब्बर वचन सापडलं की कावळा येतो असं म्हणतात. इथल्या हिंदी लोकांना आपल्या कावळ्याचं एवढं कौतुक नाही. आपली मराठी मंडळी मात्र, पिढ्या लोटल्या तरी, घाटावर आली की माना वर करून उभी.

मला हे कधीच पटलं नव्हतं. शिवाय तो रविवार होता, आणि सरांनी सांगितलं होतं की चक्रवाक उतरलेत.

मी म्हटलं, "अरे, यायचं होतं रे. पण गुडघा! दोन पावलं टाकवत नाहीत."

तो लगेच म्हणाला, "नको नको मावशी, मग येऊ नका. आई असती तर तीच रागावली असती. घाटावर चिखल पण फार आहे." आणि जाताना स्वतःच फाटक लावून गेला, मला उठावं लागू नये म्हणून.

रविवारी सकाळी मी बूट घातले, डोक्याला टोपी घातली आणि निघाले.

आमची वाट गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवरून होती. तलाव फुगून शेतांत शिरला होता, त्यामुळे तलाव कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. काळी माती बुटांना अशी चिकटायची की थोड्या वेळानं प्रत्येकजण ठेंगण्या खुर्चीवर चढल्यासारखा उंच झाला. पण काय काय दिसलं! लांब लाल पायांचे शेकाटे सोयाबीनच्या बुडालेल्या धांड्यांतून तोलून तोलून चालत होते. काळे वारकरी पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. एक खंड्या विजेच्या तारेवरून सरळ शेतात सूर मारत होता, जणू ते शेत कायमच पाण्याखाली होतं. आणि चक्रवाकांची जोडी, भगवी. मी इतकी खूष होते की मैत्रीण गेल्याला दहा दिवस झालेत हे माझ्या मनात नव्हतं.

तलावाच्या एका कोपऱ्यात महादेवाचं लहान देऊळ आहे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्याच्या समोरच्या काठाला आम्ही आलो. तिथे पाण्याचा पट्टा अरुंद आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढा. आमच्या बाजूला बेशरमाची दाट झुडपं आणि त्यांच्या मागे बाभळी. सरांना झुडपात एक छोटा पक्षी हललेला दिसला. गळा निळा, मध्ये तांबूस ठिपका. हिवाळ्यात येतो आणि फार लाजतो. मी तो कधी पाहिला नव्हता.

"सर, दिखा दीजिए ना किसी तरह," मी म्हटलं.

"आंटीजी के लिए उल्लू बुलाना पड़ेगा," सर हसून म्हणाले.

त्यांच्याकडे मुठीएवढा स्पीकर असतो. त्यावर ते फोनवरून पिंगळ्याचा आवाज लावतात. पिंगळा म्हणजे लहान घुबड. तो ओरडला की आसपासचे पक्षी त्याला हाकलायला चिडून बाहेर येतात, आणि आपल्याला दिसतात. आम्ही सगळे झुडपांमागे वाकून बसलो. सर फोनवर आवाज शोधत होते.

तेवढ्यात पाण्यावरून माणसाचा आवाज आला. मराठी.

"आई, दुकानाचं बघू आम्ही. धाकट्याशी भांडणार नाही."

तो आवाज मी ओळखला. फांद्यांमधून दुर्बीण लावली. पलीकडच्या पायऱ्यांवर माझ्या मैत्रिणीचा मुलगा उभा होता, डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. त्याच्या मागे त्याचे थोरले काका, गुरुजी, त्याची बायको, आणखी काही जण. पायरीवर पत्रावळ. देवळामागच्या पिंपळावर कावळेच कावळे. नदीचा घाट गाळात बुडाला होता म्हणून त्यांनी दहावा इथे आणला होता. मी येणारच नव्हते, तेव्हा बदललेली जागा मला कोण कळवणार?

दुर्बिणीतून माणूस फार जवळ येतो. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं तेही मला दिसलं. एक कावळा पिंपळावरून उतरून पायरीवर बसला. दुसरा आला. मुलानं हात जोडले.

"आई, पोरीचं लग्न ठरल्या तारखेलाच करू. थांबवणार नाही. काळजी करू नको."

पोर म्हणजे त्याची मुलगी, माझ्या मैत्रिणीची नात. धारच्या एका घरात तिचं ठरलं आहे, माघातली तारीख. कावळा उड्या मारत पत्रावळीकडे निघाला.

"लगाऊँ, आंटीजी?" सरांनी हळूच विचारलं.

नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. कुजबुज झाली असती, कुणी उभं राहिलं असतं, पलीकडून कुणी बघितलं असतं. मला एवढंच सुचलं की ह्या झुडपामागून आत्ता डोकं वर निघता कामा नये. मी मान डोलावली.

पिंगळा ओरडला. चिर्रर, चिर्रर, चिवक चिवक. पाण्यावर आवाज केवढा पसरतो! पायरीवरचे दोन्ही कावळे उडाले. पिंपळावरचे सगळे उठले, आणि काव काव करत तो सबंध थवा पाणी ओलांडून आमच्या डोक्यावरच्या बाभळीवर येऊन कोसळला.

"वाह! क्या बात है!" सर म्हणाले. डॉक्टरीणबाई फोटो काढायला लागल्या. निळ्या गळ्याचा तो पक्षी बाहेर आला म्हणे. मी बघितला नाही.

मी पलीकडे बघत होते. तिकडे सगळे गोठल्यासारखे उभे होते. थोरल्या काकांनी हात वर करून कानाला लावला, पुन्हा ऐकू येतं का बघायला. सुनेनं पदर तोंडावर घेतला. बऱ्याच वेळानं गुरुजी खाली बसले आणि दर्भ मुडपून त्याचा कावळा करायला लागले. कावळा आलाच नाही तर तसं करतात. दर्भाचा कावळा पिंडाला लावायचा आणि उठायचं.

आम्ही मागच्या वाटेनं परतलो. निघण्याआधी बाभळीखाली तो फोटो काढला.

घरी येऊन मी बूट घासले. चिखल निघेपर्यंत घासले. मनाशी म्हटलं, कावळे आहेत, उडतात. दर्भाचा कावळा शास्त्रात सांगितलेलाच आहे. उद्या विसरतील.

सोमवारी भजनाला गेले तर टाळ बाजूला ठेवून सगळ्या बायका तेच बोलत होत्या.

"दिवसाढवळ्या पिंगळा बोलला, सांगतेय काय! लग्नाचं नाव काढलं आणि बोलला."

"कावळे असे पळाले म्हणतात, जसे कुणी गोफण मारली."

"म्हातारीच्या मनात नव्हतंच ते स्थळ. मला आधीच वाटत होतं हो."

"तुला काय वाटत होतं? तू तर साखरपुड्याला तीनदा श्रीखंड घेतलंस."

"ते वेगळं. आता थोरले काका म्हणताहेत, लग्न मोडा. धारवाल्यांच्याही कानावर गेलंय. तेही कचरताहेत."

मग एक जण माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमचा गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, बरा आहे.

त्या दिवशी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परतले. मला माहीत होतं की माझ्या मैत्रिणीला ते स्थळ पसंत होतं; तिनं माझ्याच ओट्यावर बसून त्या मुलाचं कौतुक केलं होतं. नातीच्या शालूचे काठ कसे हवेत तेही ठरवलं होतं तिनं. त्या मुलीला मी इंग्रजी शिकवलंय. आणि मी घरात बसून विचार करत होते, की पिंगळ्याचं सांगावं पण मी तिथे होते हे न सांगता कसं सांगता येईल. निनावी फोन करावा असंसुद्धा डोक्यात आलं. हसू नका. तुमच्या आजीनं वहीच्या मागच्या पानावर त्या फोनचं वाक्य लिहून पाहिलं, आणि मग ते पान फाडलं.

तेराव्याला गोडाच्या जेवणाला गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले, घरचे तेवढे बैठकीत राहिले. थोरले काका लोडाला टेकून होते. मुलगी ताटं उचलत होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, मला काही सांगायचंय, आणि सगळं सांगितलं. दुर्बीण, सर, स्पीकर, सगळं. सरांकडून तो आवाज माझ्या फोनवर मागवून घेतला होता, तोही ऐकवला. चिर्रर, चिर्रर. आतून लहान मुलं धावत आली.

सून म्हणाली, "म्हणजे तुम्ही समोरच होतात, मावशी."

"हो."

"बूट घालून."

"हो."

थोरल्या काकांनी चष्मा पुसला. "ठीक आहे, बाई. पिंगळा मशिनीतला होता, मानलं. पण त्याच घडीला तो वाजवायची बुद्धी तुम्हाला कोणी दिली? तुम्ही तर शिकलेल्या. आमचा विधी तुम्हाला दिसत होता. थांबवलं का नाही?"

त्यांना हवं असलेलं उत्तर मला दिसत होतं. 'कोण जाणे, कशी बुद्धी झाली' एवढं मी म्हटलं असतं, तर माझी सुटका झाली असती आणि ते लग्न मोडलं असतं.

"बुद्धी कोणी दिली नाही," मी म्हटलं. "गुडघा दुखतो म्हणून खोटं सांगितलं होतं. थांबवलं असतं तर तुम्हाला मी दिसले असते. दिसू नये म्हणून थांबवलं नाही. ह्यात माझ्या मैत्रिणीचा काही हात नाही. सगळं माझंच आहे."

मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याचे केस आत्ता कुठे उगवायला लागले होते.

मुलीनं ताटं खाली ठेवली. "आजी, कधीपासून माहीत होतं तुम्हाला, लग्नावर आलंय ते?"

"सोमवारपासून."

"मी तेव्हापासून जेवले नाहीये," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

मी उठायला लागले तेव्हा मुलानंच हात दिला. तो म्हणाला, "मावशी, आम्हाला सांगून भागणार नाही. धारला यावं लागेल. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगी खपवायला बनवून सांगतोय."

म्हणून मी त्याच्याबरोबर धारला गेले. अनोळखी लोकांच्या दिवाणखान्यात, हातात पोह्यांची बशी घेऊन, तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एकदा सांगितलेली लाजेची गोष्ट दुसऱ्यांदा सोपी जाते असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. नवऱ्या मुलाचे वडील मध्येच थांबवून विचारायचे, "एक मिनिट, मावशी, म्हणजे तुम्ही झाडीमागे बसल्या होतात? किती जण?" आणि मला ते पुन्हा सांगावं लागायचं. मुलाची आई आतून ऐकत होती. आवाज ऐकायचा म्हणून ती बाहेर आली. मी वाजवला.

"एवढंच?" ती म्हणाली. "अहो, हा तर आमच्या कडुलिंबावर रोज बोंबलतो. ह्याचं ऐकून लग्नं थांबवली असती तर ह्या घरात एक सून आली नसती. मीसुद्धा."

"तो विचार तेव्हाच करायला हवा होता," तिचे यजमान म्हणाले, आणि ते दोघं हसले. मग मुलीचे वडीलही हसले. तारीख तीच राहिली. निघताना घरातली लहान मुलं माझ्या फोनभोवती जमली आणि मला 'पिंगळेवाली आजी' म्हणायला लागली. त्यांना आवरायचं कुणाला सुचलं नाही. मीही त्यांना काही म्हटलं नाही.

परतताना गाडीत मी मैत्रिणीच्या मुलाच्या शेजारी पुढे बसले होते. घाटाबिल्लोद मागे गेलं, तो समोर बघत गाडी चालवत होता. दोन्ही बाजूंना शेतांत अजून पाणी होतं आणि त्यात पांढरे बगळे उभे होते. मी तिकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, काम झालं, आता हा काहीतरी बरं बोलेल. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते.

इंदूरचा बायपास लागल्यावर तो म्हणाला, "लग्नाचं सुटलं, मावशी. बरं झालं तुम्ही आलात."

मी म्हटलं, "कर्तव्यच होतं माझं."

"हां." त्यानं एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. "पण तो कावळा निघाला होता ना? तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात. तुम्हाला जवळून दिसलं असेल. तो शिवला असता?"

मी आठवून बघितलं. कावळा दोन उड्या मारून पुढे आला होता. मान तिरकी केली होती. पत्रावळ त्याच्यापासून हातभर असेल. पण तो नक्की तिकडेच निघाला होता की वाटेतल्या एखाद्या किड्याकडे, ते मला सांगता येईना, कारण तेवढ्यात मी मान डोलावली होती.

'शिवला असता' असं सहज म्हणता आलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं. पण मला ते माहीत नव्हतं, आणि त्याला आणखी एक खोटं सांगायची मला हिंमत झाली नाही.

"मला नाही सांगता येत, रे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. देवास आलं. माझ्या दाराशी गाडी थांबवून तो उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, फाटक उघडलं, आणि मी आत जाईपर्यंत उभा राहिला.